आत्याचा तळहात

आत्याने सगळी नोकरी चौकात उभं राहून वाहनं अडवण्यात काढली. निवृत्त झाली, पण हात झाला नाही. आई गरम पातेलं घेऊन निघाली की आत्याचा डावा तळहात बाबांच्या छातीसमोर, आणि उजव्या हाताने आईला वाट मोकळी. बाबा निमूट थांबतात. भल्या भल्या मोटारी थांबायच्या, तिथे बाबा कोण!

गेल्या वर्षापासून तिला शब्द सापडेनासे झाले. किल्लीला ‘ते दाराचं’ म्हणते. डॉक्टरांनी घसा खाकरला (ही खाकर मी हुबेहूब काढते) आणि म्हणाले, “स्मृतिभ्रंशाचं एकच असं कारण सांगता येत नाही. पण वर्षानुवर्षं धुरात काढली, की धोका वाढतो.”

“म्हणजे धुराचं छातीत भागलं नाही, आता वरच्या मजल्यावर बिऱ्हाड थाटलंय मेल्याने!” आत्या म्हणाली.

त्याच आठवड्यात बातमी आली, की ट्रक शाळेसमोरून सोडणार. त्यावर महापालिकेच्या साहेबांनी सभा बोलावली होती.

“मी बोलणार,” आत्या म्हणाली.

“ताई, मधेच विसरशील गं. लोक हसतील.” बाबांचा काळजीचा आवाज नाकातून येतो.

“हसू देत. बाळ्या, गाडी काढतोस की चालत जाऊ?”

सभेत ती उभी राहिली. “मी चौकात उभी असायचे. संध्याकाळी नाक पुसलं की रुमाल काळा. हाच धूर उद्या तुमच्या पोरांच्या...”

गाडी अडली. शब्द येईना. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“आजी, झालं ना? बसा हं,” साहेब पाकात बुडवून बोलले. बाबाही तिला धरायला उठले.

आत्याचा डावा तळहात साहेबांसमोर, उजवा बाबांसमोर. दोघेही जागच्या जागी.

“आजी कुणाला म्हणता? थांबा. शब्द येतोय, गर्दीत अडकलाय.”

सभागृहात एक खुर्ची करकरली, तर तिलाही आत्याने डोळे वटारले.

“डोक्यात!” ती गरजली. “तुमच्या पोरांच्या डोक्यात जाईल. माझ्या गेलाय, हे बघा. नीट बघून घ्या आणि मग सोडा ट्रक!”

आता हसायची कुणाची छाती होईना. बाबांसमोरचा हात खाली आला. साहेबांनी घाम पुसला, सुटकेचा निःश्वास टाकला आणि कागद गोळा करायला वाकले.

डावा तळहात अजून तिथेच होता.

“तुम्ही कुठे निघालात? आधी ट्रकचं उत्तर द्या, मग सोडते.”