आपत्ती आणि आपत्ति

आमच्या अधारतालच्या गल्लीच्या टोकाला असलेला रिकामा बंगला एका संस्थेनं घेतला, तेव्हा कोणाच्याच पोटात दुखलं नाही. मग कळलं, की ज्यांची समज लहान मुलांएवढीच राहिली आणि ज्यांचे आईबाप थकले, अशा मोठ्या माणसांसाठी तिथे निवासी घर होणार आहे. झालं! पंधरा वर्षं एकमेकांशी न बोलणारे शेजारीसुद्धा एका झाडाखाली उभे राहून कुजबुजायला लागले.

मला मात्र ती बातमी ऐकून रडू आलं, तेही आनंदाचं. माझी धाकटी बहीण बावन्न वर्षांची आहे आणि समज सात-आठ वर्षांच्या मुलीची. मी सहासष्ट. वडील नागपूरकडून या हिंदी मुलखात, इथल्या डिफेन्सच्या कारखान्यात आले आणि त्यांनी हे घर बांधलं, ते हिच्या जन्माआधी. आईनंतर हिचं सगळं मीच करते. माझ्यामागे हिचं कसं होणार, हा एकच प्रश्न कैक वर्षं माझ्या उशाशी आहे. त्याचं उत्तर आठ घरं सोडून उभं राहणार होतं.

त्या आठवड्यात चष्मा दुरुस्त करायला मी सदर बाजारात गेले होते. परतले तर बहीण ओसरीत शालीची घडी घालून बसलेली.

"ताई, मी सही करून दिली. पूर्ण नाव लिहिलं."

"कशावर?"

"आपत्तीच्या कागदावर. काकू आल्या होत्या अन् भाईसाहब. कोणावर आपत्ती आली, ताई? ही शाल देऊन टाकू त्यांना."

क्षणभर मला कळेना. मग कळलं, आणि डोक्यात सणक गेली. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. मी सरकारी कचेरीत तीस वर्षं फायलींवर तो शब्द लिहिला. पण हिला आईनं घरी वाचायला शिकवलं ते मराठीत, आणि मराठीत आपत्ती म्हणजे संकट. पूर, भूकंप, घर वाहून जाणं. कागदाचा मथळा हिनं एकेक अक्षर लावून वाचला आणि आपल्या भाषेत समजून घेतला. कोणावर तरी संकट आलंय, म्हणून हिनं मदतीला सही केली. ती सही होती हिच्यासारख्यांचं घर गल्लीत नको, यावर.

मी चप्पल न काढता तशीच शेजारच्या काकूंकडे गेले. आमच्यासारखंच त्यांचंही मराठी घर, आईशी त्यांची चाळीस वर्षांची ऊठबस.

"काकू, तिच्याकडून काहून सही घेतली?"

"अगं, तिनंच पेन मागितला. अन् तू काहून चिडून राहिली? ती तर आपली लेक आहे. आम्ही बाहेरून येणाऱ्यांचं म्हणून राहिलो."

"ते बाहेरून म्हणजे कुठून येणार? कोणाच्या तरी घरातूनच ना?"

"तू तर मनावरच घेते बाई."

घेतलंच मी मनावर. काय म्हणून घेऊ नये?

रविवारी सकाळी मंदिराच्या सभागृहात बैठक होती. बहिणीला सोबत नेलं, अगदी पुढच्या रांगेत बसवलं. भाईसाहब म्हणजे आमच्या कॉलनी समितीचे अध्यक्ष, रिटायर्ड अफसर, आवाज मोठा गोड. त्यांनी पत्र वाचून दाखवलं, खालच्या सह्यांचा आकडाही. "बच्चे बाहर खेलते हैं, ऐसे लोगों का क्या भरोसा," वगैरे. मी उठून म्हटलं, माझ्या बहिणीची सही फसवून घेतलेली आहे.

"अरे दीदी, छोड़िए ना. उनके साइन का वैसे भी क्या मतलब?"

"मतलब नहीं है, तो लिया क्यों? और गिना क्यों?"

ते हसले. तेवढ्यात बहिणीनं मोठ्यानं विचारलं, "भैया, आपत्ती किस पर आई है?"

सभागृहात हशा पिकला. मला हसू आलं नाही.

"इसी पर आई है," मी म्हणाले. "बावन साल से इस गली में रह रही है. किसका क्या बिगाड़ा है, अभी बताइए, इसके सामने. मेरे बाद यह उसी बंगले में रहेगी. तब यह आपकी बेटी होगी, या 'ऐसे लोग'?"

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मी कागद घेतला आणि बहिणीला म्हटलं, तुझं नाव खोड.

"काहून खोडू? किती चांगलं लिहिलं मी."

खरंच चांगलं लिहिलं होतं, ओळीवर, वेलांट्या-उकारांसकट. मला तिच्याकडून ते खोडून घेववेना. मग मीच त्या नावापुढे हिंदीत लिहिलं, ही या गल्लीची रहिवासी असून त्या घरात प्रवेशासाठी पहिला अर्ज हिचा आहे. खाली माझी सही ठोकली आणि कागद भाईसाहबांच्या हातात दिला. "अब भेजिए, जहाँ भेजना है."

तो कागद त्यांनी अजून पुढे पाठवलेला नाही. विचारलं, की "देख रहे हैं दीदी" म्हणतात. बघत बसा म्हणावं! मी सोमवारीच संस्थेत जाऊन बहिणीचा अर्ज देऊन आले. हीच जागा का हवी, असा त्यात एक रकाना होता. मी लिहिलं, ती इथलीच आहे.