अर्धीच ऐकलेली सुजाता

सकाळी मटार सोलत बसले होते, तेव्हा पवनानगरहून बाळूचा फोन आला. बाळू म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, सुजाताचा, धाकटा भाऊ. "बाई, आक्का गेली. पर बोलल्यासारखी वागली बघा, शेवटपतुर." त्यातला पहिला भाग मनात उतरायलाच वेळ लागला, आणि दुसरा उतरला तेव्हा असा संताप आला की रडूच येईना. दीड महिना होत आला... संताप तसाच आहे. म्हणून लिहायला बसले.

सुजाता वेदनाशामक औषधांवर संशोधन करायची. पुण्यात कॉलेजला असताना आम्ही एका खोलीत राहायचो; पुढे मी लोणावळ्यात शिक्षिका झाले आणि ती प्रयोगशाळेत गेली. पण तिथं तिचं मन रमायचं नाही. गोळी कुणाच्या पोटात जाते ते बघायला नको का, म्हणायची, आणि भातलावणी आली की गावाकडे पळायची. मावळात अजून इर्जिक होते. एकाच्या खाचरात सगळी आळी राबते आणि शेतवाल्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. पूर्वी बांधावर चहानंतर तंबाखूची चंची फिरायची, आता तिच्याबरोबर अंगदुखीच्या गोळ्यांची पट्टी फिरते. शेतवाल्यानं नाही आणली तर बायका त्याला तोंडावर विचारतात, "काय वं, यंदा गोळीबी न्हाई?" दिवसभर वाकून चिखलात उभं राहायचं, सकाळी रिकाम्या पोटी एक गोळी, दुपारी कंबर धरली की आणखी एक. सुजाता बांधावर बसून एकेकीला विचारायची, पोटात जळतं का, पाय सुजतात का, लघवी कमी होते का. तिच्या पिशवीत भाकरीचा डबा असायचा. कुणी पट्टीला हात घातला की हिचा डबा पुढे. "आधी दोन घास, मग गोळी." बायका थट्टा करायच्या, "आक्का, तुमच्या भाकरीसाठीच गोळी घेतो आमी!"

ती बोलायची नेहमी दोन भागांत. आधी गोळी काय देते ते, मग काय घेते ते. "दुखणं सोसण्यात कसला आलाय मोठेपणा? दुखतंय तर घ्यावी. पण कुठली, किती, कशासाठी, हे विचारून घ्यावी." रोज उठून मनानं गोळ्या घेतल्या तर जठराला जखम होते, मूत्रपिंडावर ताण येतो, हे ती सांगायचीच, पण त्याच दमात हेही सांगायची की मोठ्या आजारात दुखणं आवरलं नाही तर माणूस झोपत नाही, जेवत नाही, माणसात राहत नाही. पण ऐकतंय कोण! एका वर्षी ऐन लावणीत शेजारच्या बाईला खाचरातच रक्ताची उलटी झाली. बाई वाचली, पण त्या दिवसापासून गावानं सुजाताचा दुसरा भाग तेवढा उचलला आणि पहिला दिला टाकून. "आक्कांनी सांगितलंय, गोळी वाईट." झालं! त्यात सगळ्यात कडक बाळू. बहीण एवढी शिकलेली, तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याच्या बायकोचे, कमलचे, गुडघे सुजले तरी घरात गोळी येईना. सुजाता डोक्याला हात लावायची. "अगं, मी असं कधी म्हटलं?"

मग तिलाच कॅन्सर झाला आणि हाडांत पसरला. आता आणखी उपचार नकोत म्हणून ती गावी भावाकडे आली. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, ठरल्या वेळी, न चुकता घ्यायच्या. मी जीपनं गेले त्या दुपारी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, चादर मुठीत आवळलेली. मला बघून म्हणाली, "गोळी दे." एवढंच. कशी आहेस नाही, बस नाही.

बाळूला विचारलं, तर म्हणतो, "बाई, तिनंच आख्ख्या गावाला सांगितलंय. किडनी जाती, सवय लागती. मग तिलाच कसा दिऊ?"

"अरे, आता कसली सवय लागायचीय तिला? आणि ही ती अंगदुखीची गोळीच नाही! डॉक्टरांनी काय सांगितलं होतं तुला?"

"डाक्टर सगळ्यांलाच देत्यात. आक्काच म्हनायची तसं."

कप्पाळ माझं! मी त्याच्या हातून पट्टी अक्षरशः ओढून घेतली. तिचाच नियम म्हणून दोन घास दहीभात भरवला आणि गोळी दिली. तासाभरानं मूठ सुटली. मग संध्याकाळपर्यंत ती बोलत होती... हॉस्टेलची पाणचट आमटी, आमच्या रेक्टरबाई, माझी पाठदुखी. "तू खाऊन घेतेस ना गं गोळी?" म्हणून मलाच दटावलं. वर म्हणते, "या गोळीनं पोट साफ होत नाही, त्याचंही औषध लागतं, विसरू नका." एवढ्यातही हिचे साइड इफेक्ट! आम्ही दोघी खूप हसलो. निघताना बाळूला वेळा नीट समजावल्या. "व्हय बाई, व्हय," म्हणाला.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला गेले, तर जो उठेल तो तेच बोलत होता. आक्कांनी सांगितलं ते जगून दाखवलं, एवढ्या यातनांत गोळीला शिवल्या नाहीत. टाळ्या तेवढ्या पडायच्या राहिल्या होत्या. मी उठून बोलायला लागले, तर शेजारणीनं हात धरून खाली बसवलं, "जाऊ द्या बाई, आज नको." नंतर सुजाताच्या खोलीत गेले. फळीवर बुद्धमूर्ती, शेजारी तिचा फोटो, तिचा भाकरीचा डबा आणि फोटोला टेकवून ठेवलेली ती पट्टी. भरलेली. एकच खळगा रिकामा... मी फोडलेला.

"एकच घेतली," मागून बाळू म्हणाला. डोळे भरलेले, पण आवाजात अभिमान. "तीबी तुमच्या शब्दाखातर."

"बाळू, ती मागत होती रे गोळी."

"मग मला का न्हाई बोलली?"

मी तोंड उघडायच्या आत दारातून कमल म्हणाली, "बोलली हुती. रोज बोलायची. तुमीच तिला तिचंच सांगत बसायचा."

बाळू फोटोपुढे जाऊन खाली बसला. मॉर्फिन घरात ठेवायचं नसतं, पट्टी दवाखान्यात परत द्यायला हवी होती, म्हणून मी ती उचलली. भाकरीचा डबा तेवढा फोटोपाशी राहू दिला.