अभिप्राय वहीची चोरी

ती तक्रार आजही आठवते, कारण काय चोरीला गेलंय हे ऐकून माझा हवालदार हसला होता आणि मी त्याच्यावर डोळे वटारले होते. सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात चित्रप्रदर्शन भरलं होतं. दारातल्या टेबलावरची अभिप्राय वही गायब झाली म्हणून खुद्द चित्रकार बाई चौकीत आल्या होत्या.

"नवी वही ठेवा की," हवालदार म्हणाला.

"अहो, मी जेवायला गेले तेव्हा माझे वडील त्यात लिहून गेले. वॉचमननं सांगितलं. बँकेतली नोकरी सोडली म्हणून त्यांनी मला घर बंद केलं, त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत. काय लिहिलंय तेवढं वाचू द्या मला."

मी तक्रार अर्ज घेतला. सभागृहात कॅमेरा होता, पण त्याचं तोंड पार्किंगकडे. मग आसपासच्या रद्दीवाल्यांना आणि बाइंडरांना निरोप दिला. दुसऱ्याच दिवशी एका बाइंडरचा फोन आला.

"साहेब, एक आजोबा वही घेऊन आलेत. एका अभिप्रायावर कागद चिकटवून द्या म्हणतात, पण मागचा मजकूर खराब व्हायला नको."

आजोबा म्हणजे बाईंचे वडीलच निघाले. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना चौकीत आणून खुर्ची दिली.

"वही आपण नेलीत?"

"परत ठेवणार होतो. चोरी कसली?"

"मग नुसतं पान फाडायचं."

"पाठीमागे परक्या माणसाचा अभिप्राय आहे. तो फाडायचा मला काय अधिकार?"

इतका सभ्य चोर मला नोकरीत दुसरा भेटला नाही. मी वही उघडली. 'चित्रे पाहिली. उजेड अपुरा. – एक पुणेकर.' आमच्याकडे एवढं म्हणजे कौतुकच. नाव न घालता 'एक रसिक' म्हणून लिहायची पद्धतही इथलीच.

"यात झाकण्यासारखं काय आहे?"

"उजेड अपुराच होता," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "सही बघा. पोटच्या पोरीच्या प्रदर्शनात मी 'एक पुणेकर'! दुरुस्त करायला परत गेलो, तर मागे लोक उभे. म्हणून वही पिशवीत घातली."

मी मुलीला बोलावून घेतलं. तिनं वाचलं. मग तिनं वही त्यांच्यापुढे सरकवली.

"पत्त्याचा रकाना मोकळा सोडलात, बाबा."

"तुला ठाऊक आहे पत्ता."

"तरी तुम्ही लिहा."

त्यांनी माझं पेन घेतलं आणि घराचा पत्ता पिनकोडसकट लिहिला. बाईंनी तक्रार तिथेच मागे घेतली. अनेक कबुलीजबाब मी लिहून घेतले, पण आपल्या शब्दांखाली आपलं नाव घालणं माणसाला किती जड जातं, हे मला त्या टेबलावर कळलं.

"आज येऊ?" तिनं विचारलं.

"ये. हल्ली स्वयंपाक मीच करतो," ते उठत म्हणाले. "मीठ कमी पडलं तर तोंडावर सांग. लिहून ठेवू नकोस."