दुसऱ्या वर्षीची चूल

नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर थोरलीने तिच्या नव्या कामाबद्दल सांगितलं. एका उपचाराचा उपयोग होतो की नाही ते तपासायचं, त्यासाठी माणसांचे दोन गट करायचे. एका गटाला उपचार लगेच, दुसऱ्याला नंतर. ती अगदी आनंदात होती. मागून धाकटा ओरडला, "नंतरवाल्यांनी तोवर काय करायचं?" तुम्ही दोघं हसलात आणि बोलणं हवापाण्यावर गेलं. फोन ठेवल्यापासून माझ्या डोक्यात मात्र नंतरच्या गटातली एक बाई बसली आहे. तिच्याबद्दल मी तुमच्या आईशीही कधी सविस्तर बोलले नाही. थोरली पुढच्या महिन्यात कामावर रुजू होईल, त्याआधी हे लिहून पाठवते. यात उपदेश शोधू नका. असता तर मी चार ओळींत लिहिला असता.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. तुमचे आजोबा वाशिंदच्या कारखान्यात होते, मुलं कॉलेजात गेली होती आणि माझं इंग्रजी घरात पडून होतं. त्या सुमारास एका संशोधन संस्थेने शहापुरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तिथे एकाच वेळी बरीच कामं चालत. दोघं जण महामार्गावर उभं राहून अपघात कुठे होतात ते टिपत. दोघं मुरबाडच्या बाजूला सौर कंदील वाटत. नंतर मोबाइल आले तेव्हा दवाखान्याला फोनवरून निरोप धाडायचा प्रयोगही तिथेच झाला. माझ्याकडे चुलीचं काम आलं. बिनधुराची चूल घरात बसवली, तर बायकांच्या छातीला आराम पडतो का, एवढाच प्रश्न होता. प्रश्नावली मुंबईहून इंग्रजीत येई. मी ती मराठीत करायची, घरोघर विचारायची आणि उत्तरं पुन्हा इंग्रजीत लिहून द्यायची. शिस्तीचं काम होतं, मला आवडलं.

डोळखांबपर्यंत एसटी आणि पुढे पायी, असा आमचा पाडा होता. उतारावर विखुरलेली घरं, कारवीच्या कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, खिडकी जवळजवळ कुठेच नाही. सगळ्यात वर एक घर होतं. त्या घरच्या बाईला पाड्यात सगळे वरच्या घरची म्हणत, मीही तेच म्हणते. माझ्याच वयाची असेल. भात आणि नाचणीची थोडी शेती, एक मुलगा, एक सून. दिवाळीनंतर पाड्यातली बरीच माणसं वीटभट्टीवर जात. या घरातून फक्त मुलगा जायचा, कारण आईला आता चढ चढवत नव्हता. दोन वाक्यं बोलली की ती थांबायची, हात छातीवर ठेवायची आणि तिसरं वाक्य मात्र हमखास टोमण्याचं असायचं.

"बाय, तुमी रोज विचारताव धूर किती, धूर किती. एकदा माझ्याजवळ बसून भाकरी भाजा ना. मंग लिवायला नको, डोलेच सांगतील."

मी एकदा बसले. ओल्या लाकडांचा धूर खोलीत कमरेपासून वर गच्च भरलेला होता. मी थोड्याच वेळात डोळे पुसत बाहेर आले, आणि ती आत बसून हसत होती. हसताहसता खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही.

चुली पाड्यातल्या निम्म्या घरांना पहिल्या वर्षी मिळणार होत्या, उरलेल्यांना दुसऱ्या वर्षी. मधल्या वर्षात दोन्हींची तुलना. कोणाला आधी, हे ठरवायला आमचे सर स्वतः जीपने आले. सर इंजिनिअर, शहरातले, मराठी न कळणारे, पण सज्जन माणूस. पाड्याच्या मधोमध सगळ्यांसमोर त्यांनी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि एका म्हातारीला काढायला लावल्या. वरच्या घराची चिठ्ठी दुसऱ्या वर्षाची निघाली.

शेजारच्या घराला पहिलं वर्ष मिळालं होतं. ती शेजारीण लगेच म्हणाली, "माझी चूल तिला द्या. मी थांबते. तिची छाती बगा कशी वाजते."

सरांनी मला विचारलं, ती काय म्हणते? मी सांगितलं, आणि माझ्याकडून जोडलं की तसं करता आलं तर बरं होईल. सरांनी इंग्रजीत समजावलं: आजाऱ्यांना आधी दिलं, तर एका गटात सगळे आजारी आणि दुसऱ्यात सगळे धडधाकट होतील, मग चुलीने काय केलं ते कुणालाच कळणार नाही; आणि ते कळलं नाही, तर बाकीच्या शेकडो पाड्यांना काहीच मिळणार नाही. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आजही मला त्यात चूक काढता येत नाही. पण ते त्या बाईला मराठीत सांगणारी मी होते. मी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे मी खोकले पायजे, तवा बाकीच्यांना चूल भेटंल," ती म्हणाली. "खोकते की. ते मला येतंय."

बायका हसल्या. सरांनी विचारलं, सगळ्या का हसल्या? मी म्हणाले, तिला समजलं आहे.

पहिल्या गटाच्या चुली बसल्या. मग मोजणीची पाळी आली. धूर मोजायचं एक यंत्र होतं, डब्याएवढं. दिवसभर गुणगुणत हवा ओढायचं आणि त्यातल्या गोल कागदावर काजळी साठायची. चुलीजवळ बसलेल्या बाईचं नाक जिथे येईल, त्या उंचीवर ते टांगायचं. वरच्या घरचीने त्याचं नाव भुंगा ठेवलं, आणि संस्थेतही सगळे त्याला भुंगाच म्हणू लागले. कोणत्या घरी कोणत्या दिवशी भुंगा येणार, हे आधी कळवायचा नियम होता. विचारल्याशिवाय कुणाच्या चुलीपाशी जायचं नाही, हे मला पटण्यासारखंच होतं.

सकाळी टांगायचा आणि संध्याकाळी काढायचा. मधल्या वेळात मी दुसऱ्या पाड्यांवर प्रश्नावल्या भरत असे. कागद परत येऊ लागले तेव्हा मी ते उजेडात धरून पाहिले. नव्या चुलींच्या घरातले कागद काळपट राखाडी होते. जुन्या चुलींच्या घरातले फिकट होते. वरच्या घरातला तर जवळजवळ पांढरा. मला वाटलं, माझ्या हातून पाकिटं उलटसुलट झाली. सगळं पुन्हा जुळवून पाहिलं. बरोबर होतं.

कारण मला पुढच्या खेपेला कळलं, तेही अपघाताने. भुंगा एका घरी लावायचा होता आणि त्या घरी मी ठरल्यापेक्षा बरीच आधी पोचले. घरातली बाई मागच्या परसात तीन दगडांवर भात शिजवत होती. घर झाडून, सारवून, दार सताड उघडं. आतली चूल थंड, तिच्यावर रांगोळीची दोन बोटं.

"आज बाहेर कसं?" मी विचारलं.

"तुमचा भुंगा येनार ना."

"मग?"

ती माझ्याकडे बघतच राहिली, हे काय विचारणं म्हणून. "पावना घरात येनार नि आमी त्याला धुरात बसवायचं?"

मी सरळ वरच्या घरी गेले. तिनेही तेच केलं होतं. भुंग्याच्या दिवशी पहाटेच बाहेर स्वयंपाक उरकायचा, दिवसभर घरात काडी ओढायची नाही, माणसांनी सकाळचीच भाकरी खायची. दुसऱ्या गटातल्या सगळ्या घरांत हेच चाललं होतं, आणि कोणाचं घर जास्त स्वच्छ यावरून आपसात थोडी चढाओढही लागली होती. पहिल्या गटात उलट प्रकार. संस्थेने चूल दिली, तर ती वापरतो हे दिसायला नको का? म्हणून त्या घरांत भुंग्याच्या दिवशी सकाळपासून चूल पेटती. कुळीथ शिजत होते, तांदळाच्या पापड्यांची उकड होत होती, शेजारणींनाही बोलावून खाऊ घालत होते. चांगली चूलसुद्धा दिवसभर पेटवली की थोडा धूर सोडतेच.

एकीने घरात पाहुणा येतो म्हणून विस्तव ठेवला नाही, दुसरीने उपकार स्मरून दिवसभर ठेवला. कोणीही खोटं वागलं नव्हतं. सगळ्या आपापल्या परीने आमचा मानच ठेवत होत्या.

मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला, ते हसलेही, मग कपाळ चोळत बसले. आकडे आपल्याला आवडले नाहीत म्हणून ते टाकून देता येत नाहीत, ते म्हणाले. दुसऱ्या वर्षाचा निधी देणारे आकडेच बघतील. तरी त्यांनी काही घरांत मोजणी पुन्हा घ्यायची परवानगी मिळवली. मी घरोघर जाऊन समजावलं: भुंगा पाहुणा नाही, तुम्ही रोज करता तसंच करा. बहुतेक घरांनी हो म्हटलं आणि पुन्हा सारवून ठेवलं. वरच्या घरी मी दोनदा गेले. कारण पाड्यात सगळ्यात जास्त धूर त्या घरात होता आणि तोच आमच्याकडे लिहिला गेला नव्हता. तो लिहिला गेला, तरच दुसरं वर्ष येणार आणि तिची चूल येणार, हे मी तिला उघड सांगितलं.

"म्हंजे आता तुमी सांगताव, धूर कर म्हनून."

मी म्हणाले, "रोज करता तेवढाच."

"रोज आता सून करते, मी वट्यावर बसते. आत बसवत नाय." मग थोडं थांबून, "पन करते. तुमी येवडं दोनदा चढून आलाव."

"तुम्ही नका. सुनेला बसू द्या."

"सुनेचं नाक नि माझं नाक एका उंचीवर हाय का?" असं म्हणून तिने ते बोलणं संपवलं.

त्या दिवशी ती शब्दाला जागली. दार रोजच्यासारखं अर्धं ओढलेलं, ओली लाकडं, काठवटीत पीठ. भुंगा गुणगुणत होता. मी दाराशी बसले होते. पहिली भाकरी झाली. दुसरीच्या वेळी तिचा श्वास अडकला. खोकला आला, पण पुढचा श्वास आत जाईना. तोंड उघडं, डोळे माझ्यावर. मी उठले, पण तिला धरायचं की दार उघडायचं, हे मला सुचेना. सून माझ्या बाजूने आत शिरली, तिने जळती लाकडं दोन्ही हातांनी ओढून परसात फेकली आणि सासूला काखेत धरून बाहेर आणलं. ओट्यावर बसवून पाठ चोळत राहिली. हळूहळू श्वास परत आला.

आत भुंगा चालूच होता, आता मोकळ्या हवेत.

सून माझ्याकडे न बघता म्हणाली, "भरला का तुमचा भुंगा? नाय तर नाय भरला. हिला परत आत नाय बसवायची."

"गप गो," सासू म्हणाली. तिला एवढंच बोलता आलं.

मी यंत्र काढून पिशवीत ठेवलं. तो कागदही फिकटच निघाला.

दुसरं वर्ष आलं नाही. अहवालात लिहिलं गेलं की नव्या चुलीमुळे धुरात ठळक फरक दिसला नाही. सरांनी माझं म्हणणं एका परिच्छेदात घातलं होतं, मीच तो टंकलेला पाहिला. त्याने कोणाचं मत बदललं नाही. मग सर रस्त्याच्या कामाकडे गेले. पाड्याला निरोप सांगायला मी गेले. बायकांनी फार प्रश्न विचारले नाहीत. असे निरोप त्यांनी आधीही ऐकले होते. वरच्या घरची ओट्यावर होती. म्हणाली, "आमीच भुंग्याला लाडावलं गो." आणि मला बसायला गोणपाट सरकवलं.

संस्थेचा आधी-नंतरचा नियम संपला होता, त्यामुळे मला आता कोणी अडवणार नव्हतं. चुली बसवणाऱ्या गवंड्याला घेऊन मी सापगावच्या दुकानातून धुराड्यासाठी सिमेंटचा पाइप आणला, आणि त्याने वरच्या घरात तशीच चूल बांधून दिली. सून ती वापरू लागली. धूर खरंच कमी झाला, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पण सासूला आत येऊन बसायची गरज आणि ताकद दोन्ही उरल्या नव्हत्या. शहापूरच्या डॉक्टरांनी तपासून मला बाजूला घेतलं. छातीचं जे गेलं ते परत येत नाही, आहे ते सांभाळा, असं ते म्हणाले. मी तिला हे मराठीत सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. फक्त एकदा नव्या चुलीकडे बोट दाखवून म्हणाली, "आता बग, कशी गुमान जलते." तिला ती आवडली होती.

दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्यात ती गेली. पाड्याचा रस्ता त्या दिवसांत बंद असे. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. भेटायला गेले तर सून म्हणाली, "शेवटी वट्यावरच होती. घरात घ्यायलाच देत नवती." मी सुनेला छाती वाजते का ते विचारलं. ती म्हणाली, नाय. पण सासूही पहिल्या दिवशी मला नायच म्हणाली होती.

थोरले, तुझ्या कामात तू काय करावंस हे मला सांगता येत नाही. इतक्या वर्षांत मी सरांच्या जागी उभी राहून पाहिलं, सुनेच्या जागी उभी राहून पाहिलं. दोन्हीकडून मला तीच बाई ओट्यावर बसलेली दिसते.

गेल्या हिवाळ्यात तुमच्या मामाने मला गाडीने तिकडे नेलं. आता रस्ता पाड्यापर्यंत जातो. पाड्यात बऱ्याच घरी गॅसची शेगडी आहे. सिलिंडर संपला की परसातले तीन दगड पेटतात. वरचं घर आता विटांचं झालं आहे, पण मागची एक कुडाची भिंत त्यांनी ठेवली आहे. चूल पूर्वीच मोडली. सून आहे, तिचे केस पिकले. सिमेंटचा पाइप त्या भिंतीत अजून आहे.