झांज कुणी चोरली

धाकट्याचा कान म्हणजे कान होता. गल्लीत स्कूटर शिरली की कुणाची ते तो जेवता जेवता सांगायचा. कारखान्यात मशीन बिघडलं तर साहेब मेकॅनिकच्या आधी त्याला बोलवायचे, आणि तो नुसता शेजारी उभा राहून म्हणायचा, "डावीकडचं बेअरिंग गेलंय." उघडून बघावं तर डावीकडचंच. असा कान घराण्यात कुणाला नव्हता. थोरल्याला थोडाफार होता, पण थोरल्याचा हात जास्त चालायचा.

दोघे भाऊ एकाच कारखान्यात, पत्र्याची झाकणं दाबायच्या प्रेसवर. दिवसभर धाड धाड धाड. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची. दोघांनी ते कधी घातले नाहीत. बोळे घालायचे ते भित्र्यांनी.

आणि घरी आल्यावर धाकटा हातपाय धुऊन रेकॉर्ड लावायचा. साधीसुधी गाणी नाहीत. परदेशातल्या लांब केसांच्या पोरांची, गिटारी आणि ड्रमची, जुन्या जमान्यातली. ती पोरं आता आजोबा झाली असतील नाहीतर गेली असतील. याची सुरुवात थोरल्याने करून दिली, हे सांगितलंच पाहिजे. भंगारवाल्याकडून बंद पडलेला प्लेअर थोरल्यानेच खांद्यावर टाकून आणला होता, सोबत रेकॉर्डींचं एक खोकं. प्लेअर धाकट्याने दुरुस्त केला, पहिली रेकॉर्ड लावली आणि माणूस कामातून गेला.

शेजारचा शिंपी चिडवायचा, "एक तरी शब्द कळतो का रे तुला?"

"तुला कोकिळेचा कळतो का?" धाकटा म्हणायचा. शिंपी परत मशीनवर वाकायचा.

रेकॉर्डीला हात लावायचा तर हात धुऊन, पुसून, तोही फक्त कडेला. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात बायकोने भाबडेपणाने एक रेकॉर्ड फडक्याने पुसली आणि तिची बांगडी घासली. चरा पडला. तेव्हापासून त्या रेकॉर्डीवर तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला, जिथे सगळं शांत असतं आणि नुसती गिटार चालते, तिथे बारीक टक टक वाजायचं. त्या टकटकीपायी नवराबायकोचं आठवडाभर बोलणं बंद होतं. पुढे तीच रेकॉर्ड त्याची सगळ्यांत लाडकी झाली. कव्हरवर छत्री उघडून टबात आंघोळीला बसलेला माणूस, म्हणून घरात तिचं नाव छत्रीवाली.

तर ही छत्रीवाली धाकट्याने जन्मात पहिल्यांदा कुणाला दिली ती मेहुण्याला. बायकोचा पाठचा भाऊ. गाड्यांमध्ये स्पीकर बसवायचं दुकान होतं त्याचं. फार मागे लागला, "दाजी, दोन दिवस द्या, दुकानात गाणी उतरवून घेतो आणि जशीच्या तशी आणून देतो." बायकोने डोळ्यांनी विनवलं. धाकटा विरघळला.

मेहुण्याने रेकॉर्ड परत आणली. धाकट्याने लावली. आणि पहिल्याच गाण्यात त्याच्या मनात पाल चुकचुकली.

झांज नव्हती.

म्हणजे ड्रमवाला ज्या पितळी थाळ्यांवर काठी मारतो ना, ती झांज. छत्रीवालीतली झांज अशी की वाळूवरून पाणी परत जावं. ती गायब. गाणं गोधडीत गुंडाळून ठेवल्यासारखं येत होतं. धाकट्याने प्लेअरची सुई बदलली. तेच. स्पीकरची वायर काढून परत लावली. तेच. कव्हर निरखलं. कोपऱ्यावरचा चहाचा डाग होता तिथेच. पण कव्हराचं काय, कव्हर तेच ठेवून आतला माल बदलता येतो. जुन्या छापाची रेकॉर्ड आता मिळत नाही, नव्या छापाची कुठेही मिळते, आणि दिसायला दोघी जुळ्या बहिणी.

"तुझ्या भावाने बदलली," तो बायकोला म्हणाला.

"काहीतरीच. त्याला काय करायचीय?"

"तेच म्हणतोय मी. त्याला काय करायची होती, मग नेली कशाला?"



मग त्याने बाकीच्या रेकॉर्डी लावून बघितल्या. त्यांतही झांज नाही. दुसरा कुणी असता तर इथे थांबून विचार केला असता. धाकटा थांबला नाही. त्याला आठवलं, मागे सगळे बाहेरगावी गेले होते तेव्हा घराची किल्ली मेहुण्याकडेच होती. म्हणजे एक नाही, आख्खं कपाटच! ही गोष्ट त्याने थोरल्याला सांगितली. थोरला म्हणाला, "तरी मी म्हणत होतो, हा माणूस फार गोड बोलतो." थोरल्याने तसं आधी कधी म्हटलं नव्हतं, पण भावाच्या पाठीशी उभं राहायचं तर असं थोडं मागचं पुढचं करावं लागतं.

एकदा संशय घरात आला की पाट मांडूनच बसतो. मेहुणा आला आणि रेकॉर्डीला हात लावण्याआधी साबणाने हात धुऊन आला. धाकट्याला वाटलं, इतका शहाणा कधीपासून झाला? पुढच्या वेळी हात न धुता नुसता बघत उभा राहिला. धाकट्याला वाटलं, बघ, मन खातंय त्याला. तो येईनासा झाला तर वाटलं, बघ, तोंड लपवतोय. बिचाऱ्याने करावं तरी काय?

बायको मधल्या मधे पिचत होती. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला एकच भाऊ आहे हो. तुम्ही त्याला चोर म्हणालात तर मी कुणाच्या घरी जायचं आणि इथे कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

पण धाकट्याला पुरावा हवा होता. आणि पुरावा तिच्याच हातात होता, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. तिच्या हातातल्या बांगड्या बघून.

टक.

जगात या रेकॉर्डी हजारो असतील, पण बांगडीची टक एकाच रेकॉर्डीत. तिसऱ्या गाण्यात टक आली तर माल आपला. नाही आली तर चोर पकडला. चरा डोळ्यांनी बघावा हे त्याच्या मनातही आलं नाही, कान होता ना. घरात कुणी नसताना त्याने छत्रीवाली लावली आणि स्पीकरला कान लावला. गिटार आली. टक आली नाही. परत लावली. नाही.

पुढच्या रविवारी त्याने मेहुण्याला बोलावलं. थोरल्याला तर बोलवावंच लागणार होतं, मोठं माणूस मध्ये असलं की न्याय नीट होतो. खुर्च्या मांडल्या. बायको दाराशी स्टुलावर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"आज काय बेत आहे, दाजी?" मेहुणा हसत म्हणाला.

"ऐक नुसतं," धाकटा म्हणाला, आणि सुई तिसऱ्या गाण्यावर ठेवली.

खोलीत गिटार वाजायला लागली. धाकटा मेहुण्याच्या चेहऱ्यावर नजर रोखून होता. आता घाम फुटेल, आता फुटेल. मेहुणा आरामात बसला होता.

"ऐकलीस टक?" धाकट्याने थोरल्याला विचारलं.

"नाही बुवा," थोरला ठासून म्हणाला. "टक नाही."

"झालं तर मग. ही रेकॉर्ड माझी नाही. माझीत चरा आहे. माझी कुठे आहे ते याला विचारा."

मेहुण्याचा चेहरा उतरला. "दाजी, तुम्ही मला चोर म्हणताय?"

धाकटा उत्तर द्यायला वळला आणि तेवढ्यात त्याचं लक्ष बायकोकडे गेलं. तिची मान खाली होती. पण उजव्या हाताचं बोट स्टुलाच्या कडेवर हलकेच पडत होतं. थांबत होतं, पडत होतं.

"काय करतेस ते?"

"टक वाजतेय ना," ती म्हणाली. "माझ्या बांगडीची."

"भावाची बाजू घेतेस."

"बरं."

ते 'बरं' त्याला झोंबलं. पण माणूस पक्का, असा ऐकणारा नव्हे. म्हणाला, "डोळे मीट. तोंड भिंतीकडे कर." तिने केलं. त्याने टेबलावरचा दिवा रेकॉर्डीवर वाकवला. काळ्या तबकडीवर पांढरा चरा केसासारखा चमकला. म्हणजे चरा होता तर! तो वाकून बघत राहिला. चरा फिरत फिरत सुईखाली आला, बायकोचं बोट पडलं. चरा पुढे गेला, बोट थांबलं. परत आला, परत पडलं. एकदाही चुकलं नाही. भिंतीकडे तोंड, डोळे मिटलेले.

धाकट्याला गिटार ऐकू येत होती. मधे दुसरं काही नव्हतं.

त्याने सुई उचलली.  शेवटी थोरलाच बोलला, कारण अशा वेळी बोलायला छाती लागते. "मलाही आली नाही ऐकू," तो म्हणाला. "आयुष्यभर प्रेसवर उभे राहिलो, बोळ्यांशिवाय. आहे कुणाची ताकद असं उभं राहायची?"

"म्हणजे झांज..." धाकटा म्हणाला आणि फिरत्या तबकडीकडे बघत राहिला. डॉक्टरला दाखवायचं, मशीन घालायचं, हे सगळं पुढे आलंच. पण त्या घडीला तो असा बसला होता, जसं काही घरातलं माणूस न सांगता निघून गेलंय.

मेहुणा उठला. "येतो, ताई."

"बस," धाकटा म्हणाला.

"कशाला? अजून काही चोरायचं राहिलंय का?"

"बस रे. खालमानेने सांगतोय." त्याने रेकॉर्ड फडक्याने टिपली आणि पहिल्या गाण्यावर सुई ठेवली. "झांज अजून वाजते का यात?"

मेहुणा क्षणभर ऐकत राहिला. "वाजते की. चांगली खणखणीत."

"दाखव कुठे कुठे."

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली. तो परत खुर्चीत टेकला आणि गुडघ्यावर बोटाने ठेका धरला. धाकटा त्या बोटाकडे बघत होता, मांजर उंदराच्या बिळाकडे बघतं तसा. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. ओठ हलायला लागले. गाणं संपत आलं तसे त्याने डोळेही मिटले, आणि मग एकदम उघडले.

"मधली एक खाल्लीस."

"नाही हो, दाजी."

"खाल्लीस. गिटार वर चढते त्याच्या आधी दोन असतात. तू एकच मारलीस."

"खाल्ली रे," दारातून बायको म्हणाली. ती डोळे पुसत हसत होती.

मेहुण्याने हात जोडले. थोरला खुर्चीत रेलून बसला आणि म्हणाला, "सांगितलं नव्हतं? कान म्हणजे कान आहे."

धाकट्याने सुई परत सुरुवातीला नेऊन ठेवली. "आता नीट दाखव," तो मेहुण्याला म्हणाला. "माझं लक्ष आहे."