कट्ट्यावरच्या किल्ल्या
धारोष्ण दुधाचा वास आला की मला मंगळवार पेठेतली ती संध्याकाळ आठवते. तिथल्या दूधकट्ट्यावर गवळी समोरच म्हशीची धार काढून द्यायचा आणि लोक गाडीला किल्ली तशीच ठेवून दूध प्यायला उतरायचे. त्या आठवड्यात तिथून एक मोटरसायकल चोरीला गेली आणि पोलिसांनी गवळ्याला चौकशीला नेलं आणि मग सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तो धार काढत होता, पण ग्लास घ्यायला कुणी पुढं येईना. "चोराच्या हातचं दूध प्यायचं व्हय?" गर्दीतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. रोज येणारे एक वकील खवळले, "अरं, चौकशीला बोलावलं म्हंजे नुसता संशयित! गुन्ह्यात नाव आलं तर आरोपी, आन् कोर्टात शाबीत झालं तरच दोषी. कळतंय न्हवं?" गवळ्यानं फेसाळता ग्लास पुढं केला. वकिलांनी हात पुढं केला, मग थबकले, मागं वळून स्कूटरची किल्ली काढली, खिशात टाकली आणि मगच ग्लास घेतला. गवळी त्या खिशाकडं बघत राहिला. "मग ह्यातला मी कोन हाय, सायेब?" वकील दूध पीत राहिले. चोरी कुणी केली ते मला आजही माहीत नाही. पण त्या कट्ट्यावर किल्ली लटकलेली गाडी मी पुन्हा पाहिली नाही.