डिस्क पुसायची का?

आचऱ्याची पिएदाद शाळेतून निवृत्त झाली, तरी घरातला जुना कॉम्प्युटर टाकून द्यायला तयार नव्हती. तो सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. भावाने फोनवर सांगितलं तसं तिने पेनड्राइव्हवरून त्यात विंडोजच्या जागी हलकं लिनक्स टाकलं. ‘डिस्क पुसायची का?’ या प्रश्नाला बेधडक ‘हो’ म्हटलं. कॉम्प्युटर पळू लागला.

तेवढ्यात नवरा, कायतान, माडांना पाणी घालून आला. “आवयची गाणी लाव गो!”

पिएदादने गाण्यांचं फोल्डर शोधलं; ते नव्हतंच. वारलेल्या सासूचा आवाज फक्त त्याच डिस्कवर होता.

“माज्या हातान सगळा पुसला गेला.”

कायतान तिच्याशेजारी येऊन बसला. त्याने आईच्या गाण्याची एक ओळ स्वतःच म्हटली, आणि अडला. पुढची ओळ पिएदादला येत होती.